दुष्काळात पाणी पिणारी गाडी

नांदेडला आमच्या गल्लीत यंदा होळीच्या आधीच टँकर यायला लागला, आणि नेमकं त्याच सुमाराला माझ्या गाडीनंही पाणी प्यायला सुरुवात केली. पाणी म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं ते गुलाबी पाणी. इंजिनाचं हेड उघडून काम झालेलं, गाडी गॅरेजातून नुकती घरी आलेली, आणि बोनेटखालच्या बाटलीतली गुलाबी पातळी दर चार-दोन दिवसांनी बोटभर खाली. फरशीवर मात्र एक थेंब नाही. मी गॅरेजात गेले. तिथल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढं चालतं. वरून भरत राहा. आणि पुढच्या वेळी सरांना पाठवा, म्हणजे त्यांना नीट समजावून सांगता येईल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "सर घरी पेपर वाचत बसलेत. गाडी माझी, चालवते मी, आणि पाणी कमी होताना बघतेय तीही मीच. जे समजवायचं ते मला समजवा." ते हसले. समजूतदार माणसं हट्टी लहान मुलाकडे बघून हसतात तसे. हे हसू मला नवीन नाही. कॉलेजात होते तेव्हापासून ओळखते मी त्याला, आणि तेव्हाही मी ते खपवून घेतलं नव्हतं.

गाडीत बसले, काच खाली केली, आणि उन्हात तापलेल्या सीटचा तो वास नाकात शिरला. मग नांदेड राहिलं बाजूला. मी थेट शिरूर अनंतपाळला, आमच्या किराणा दुकानाच्या बाजूच्या पत्र्याखाली, काळीच्या उघड्या बोनेटपाशी जाऊन उभी राहिले.

काळी म्हणजे आमची मोटार. रुंद मडगार्डांची, जुनी, काळ्या रंगाची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती लातूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. आत शिरलं की आधी गुळाचा वास यायचा, मग पेट्रोलचा, मग तापलेल्या रेक्झिनचा. दुकानाचा माल आणायला अप्पा रोज लातूरला मोंढ्यात जायचे. येताना मागची सीट चहाच्या खोक्यांनी आणि तेलाच्या डब्यांनी भरलेली असायची, आणि त्या डब्यांना कोपरानं धरून, मांडीवर वही घेऊन मी बसलेली असायचे.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. त्याआधी साध्या एका सही-शिक्क्यासाठी उस्मानाबादला दिवस घालवावा लागायचा. आता सगळं लातूरला. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, हात लावला तर बोटाला लागायचा. आमच्या गावची माणसं लातूरला चाललो असं म्हणायचीच नाहीत, "जिल्ह्याला चाललो" म्हणायची, आणि म्हणताना उगीच टोपी सरळ करायची. मलाही त्याचा केवढा अभिमान. आपलं कॉलेज जिल्ह्याच्या गावात आहे, हे मी नळेगावच्या मामेबहिणींना सांगून सांगून त्यांना वीट आणला होता.

जिल्हा आला आणि पाऊस गेला, असं मारुतीच्या पारावरची माणसं म्हणायची. त्या वर्षी मृगानं तोंड दाखवलं, पुढची नक्षत्रं कोरडीच गेली. दिवाळी झाली तसे घरणी नदीच्या पात्रात झरे खणायला सुरुवात झाली. संक्रांतीला विहिरीच्या तळाचे दगड दिसले. टँकर यायचा आणि आपलं पाणी त्या कोरड्या विहिरीत ओतून जायचा. मग गावानं ते शेंदून घ्यायचं. ते पाणी गोडं, ते प्यायला. बाकी सगळं वेशीजवळच्या हापशाच्या पाण्यावर. ते पाणी इतकं खारं की त्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही आणि केस धुतले की सुतळीसारखे व्हायचे. घरात गोड्या पाण्याची वाटणी अव्वा करायची. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्याकडे, कर्नाटकाच्या वाऱ्यात, आईला अव्वाच म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी प्रत्येकाच्या तांब्यात, आणि तांब्यावर पालथं फुलपात्र.

टँकरच्या रांगेवर देखरेख करायचे आमचे दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. घरात आणि दुकानात त्यांचा शब्द शेवटचा. कडक माणूस, पण खोटा नव्हता. विहिरीवर उन्हात उभं राहून ते कुणाच्या दोन घागरी आणि कुणाची एक हे असं बघायचे की भांडण व्हायचं नाही. गाव त्यांना मानायचं. त्यांच्यासमोर अव्वाच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. दिरासमोर, तेही थोरल्या, खायचं-प्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत. ते ओसरीवर असले तर अव्वा घोटभर पाणीसुद्धा आत जाऊन, भिंतीकडे तोंड करून प्यायची. हे मी लहानपणापासून बघत होते आणि लहानपणापासून मला ते आवडत नव्हतं.

माझं कॉलेज या दोड्डप्पांच्या एका वाक्यावर उभं होतं. "एसटीत पोरगी एकली धाडायची न्हाई. तुझा बाप मोटार घिऊन जातोच हाय, तर जा त्याच्यासंगं. मोटार हाय तंवर कॉलेज." अप्पांनी मान डोलावली, कारण थोरल्या भावापुढे ते दुसरं काही करत नसत. मी मनात म्हटलं, ठीक आहे, मोटार हाय तंवर तर हाय तंवर. मोटार कशी राहत नाही ते मी बघते.

आणि मग नळेगावच्या चढावर काळी तापली. बोनेटमधून वाफेचा लोट उठला, अप्पांनी गाडी लिंबाखाली लावली, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका हातोडे थांबवून आमच्याकडे बघत राहिल्या. ट्रकला बांधून काळी लातूरला गेली. गफूर मिस्त्रींनी हेड उतरवलं, घासून सपाट केलं, नवं गॅस्केट घातलं, आणि इंजिनाच्या आतला वर्षानुवर्षांचा खार सोड्याच्या पाण्यानं धुऊन, खरवडून काढला. खाराचे पापुद्रे त्यांनी पाटीत दाखवले. "अप्पासाब, हे पोटात घिऊन गाडी चालून राहिली होती. आता आतून चकाचक केलंय. पर एक ऐका. हापशाचं खारं पाणी हिला दाखवायचं पन न्हाई. गोडं पाणीच घालायचं." काम खरोखरच चांगलं होतं. काळीचा आवाज असा मऊ झाला की अप्पा चढावरसुद्धा गुणगुणायला लागले.

पण रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी थोडं खाली गेलेलं असायचं. फार नाही. तांब्याभर, कधी त्याहून कमी. पत्र्याखालची जमीन कोरडी. मी खाली खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवला, तोही कोरडा. नळ्यांना हात लावून बघितला, क्लिपा आवळल्या, पंपाच्या खाली बोट फिरवलं. अप्पांनी ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलात पाणी मिसळलं की ते दुधाच्या चहासारखं होतं. ऑइल काळंभोर. झाकण काढून इंजिन चालू केलं, आत बुडबुडे येतात का बघत मी कितीतरी वेळ वाकून राहिले. पाणी शांत. नवं गॅस्केट उडालेलं नव्हतं एवढं तरी आम्हा दोघांना कळलं. अप्पा माझ्याशी तेव्हा बरोबरीच्या माणसासारखं बोलायचे, आणि मला त्याचं फार सुख वाटायचं. ओसरीवर गेले की मात्र पुन्हा धाकटे भाऊ व्हायचे.

रोजचं ते कमी झालेलं पाणी अव्वा भरायची. आम्ही निघायच्या आधी ती तांब्या घेऊन यायची आणि झाकण उघडून, एक थेंब सांडू न देता, हळूहळू ओतायची. ते तिच्या वाट्याचं गोडं पाणी होतं. मिस्त्रीनं सांगितलंय ना, गोडं घाला, मग गोडंच. मी एकदा म्हटलं, "अव्वा, तू काय पिणार?" ती म्हणाली, "माझ्या वाट्याचं हाय. मी ते पीन न्हाईतर मोटारीला घालीन, तुला काय करायचंय? तू बस आन् अभ्यास कर." तिचे ओठ त्या दिवसांत फुटलेले असायचे. तिला वाटायचं कुणाला दिसत नाही.

मला ते दिसायचं, आणि मला राग यायचा. अव्वाचा नाही. त्या अदृश्य भोकाचा, त्या दुष्काळाचा, "मोटार हाय तंवर" या तीन शब्दांचा. रागानं माझं अभ्यासात लक्ष लागायचं उलट जास्तच. मी आजही रागावले की चांगलं काम करते.

शेवटी ते दोड्डप्पांच्या कानावर गेलंच. विहिरीवर कुणीतरी बाई बोलली की आम्हाला घागरीवर भागवायला सांगता आणि तुमची मोटार गोडं पाणी पिते. तो शब्द त्यांना लागला. संध्याकाळी पूजा झाल्यावर ओसरीवर बसून त्यांनी अप्पांना बोलावलं.

"इंजिनाचं काम करून आनली मोटार, तरी पानी पितीच?"

अप्पा म्हणाले, "थोडं पिती. सापडंल कुठं जातंय ते."

"गाव घोटाघोटानं पिऊन राहिलंय आन् आपल्या दारात मोटार तांब्यानं पिती. मी कुन्या तोंडानं रांगंत उभं राहू? उदगीरचं एक गिऱ्हाईक हाय. सोमवारी बोलावलंय. मोटार दिऊन टाकू."

मी दाराआड होते. "आन् माझं कॉलेज?" मी बाहेर येऊन विचारलं.

दोड्डप्पांनी माझ्याकडे न बघता अप्पांना उत्तर दिलं. "मोटार हाय तंवर म्हनलो होतो." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना आपण अन्याय करतोय असं वाटतच नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. अप्पा जमिनीकडे बघत राहिले. आत अव्वाच्या हातातलं भांडं वाजलं, एवढंच.

अशा वेळी पोरींनी रडायचं असतं आणि मग गप्प व्हायचं असतं. मी रडले नाही. मी मिस्त्रींकडे गेले, दुसऱ्या दिवशी, कॉलेजमधून. त्यांना म्हटलं पाणी जातंय. ते म्हणाले, "बेटी, माझ्या कामात खोट न्हाई." मी म्हटलं, तुमच्या कामात खोट आहे असं मी म्हणतच नाही, पण पाणी जातंय. अप्पा मोटार घेऊन मला न्यायला आले तेव्हा मिस्त्रींनी रस्त्यावरच काळीचं बोनेट उघडून बघितलं, सगळीकडे बॅटरी मारली. कोरडं. "गरम इंजिनावर थेंब पडला की वाफ होऊन जातो. मागं कुठं जात असंल तर दिसनार कसं? पुरी उकलावी लागंल." पुरी उकलायची तर काळी त्यांच्याकडे किती दिवस पडून राहणार याचा नेम नव्हता, आणि सोमवार तर तोंडावर आलेला.

मला उत्तर सापडलं ते न्हाणीघरात. आमचा तांब्याचा बंब होता. त्यात हापशाचं खारं पाणी तापायचं, खाली तुराट्यांचा जाळ. त्या बंबाच्या तोटीपाशी, जिथं डाग दिला होता तिथं, बारीक पाझर होता. ते पाणी कधी खाली ठिबकायचं नाही. गरम तांब्यावर पाझरून तिथंच सुकायचं, आणि सुकून सुकून तोटीखाली पांढरी रेघ झाली होती, नखानं खरवडली तरी न निघणारी. ती रेघ मी रोज बघत होते. त्या सकाळी अंगावर पहिला तांब्या ओतला आणि हात तसाच थांबला. बंबाचा पाझर दिसतो, कारण पाणी खारं आहे. काळीचा दिसत नाही, कारण अव्वा तिला गोडं पाजते. गोडं पाणी वाफ होऊन जातं आणि मागे काहीच ठेवत नाही.

ओल्या केसांनी मी अव्वापुढे उभी राहिले. "आजपासून काळीला हापशाचं पाणी."

"येडी हाईस का? मिस्त्री काय म्हनला इसरलीस?"

"मिस्त्री इंजिनासाठी बरोबर बोलले. मला भोक सापडायला पाहिजे."

"आन् इंजिन बिघडलं म्हंजी? तुझं कॉलेज त्या मोटारीवर हाय, गिरजे." तांब्या तिनं छातीशी धरला होता. त्या पाण्यावर तिचा जीव होता, ते माझ्यासाठी होतं म्हणून. तिच्या हातून ते काढून घेणं मला जड गेलं, पण मी घेतलं, आणि म्हटलं, "चार दिवस. चार दिवसांत इंजिन मरत नाही. आणि नाही सापडलं तर सोमवारी तसंही काळी जाणारच आहे ना?" ती म्हणाली, "तुझ्या बापाला सांग." अप्पांना सांगितलं. त्यांनी हापशावर जाऊन स्वतः बादली भरून आणली आणि रेडिएटरमधलं गोडं पाणी खालची तोटी सोडून घमेल्यात काढलं. ते अव्वानं तुळशीला घातलं. घमेल्यातलं, गंजाचं लाल पाणी, तरी तिनं ते वाया जाऊ दिलं नाही.

त्या दिवसांत लातूरच्या रस्त्यावर मी पुस्तक उघडलंच नाही. काचेतून बाहेर बघत राहायचे. काळी भुई, पेरलंच नाही म्हणून तशीच पडलेली, भेगाळलेली. चारा छावणीकडे निघालेली जनावरं. खडी फोडणाऱ्या बायका आता आम्हाला ओळखायच्या, हात करायच्या. त्यांच्यातली एक माझ्याच वयाची होती. मी वह्या घेऊन मोटारीतून जाते आणि ती उन्हात खडी फोडते, यात माझं कर्तृत्व काय, असं मला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, जे हातात आहे ते सोडून दिल्यानं तिच्या हातात काही येणार नाही. म्हणून सोडायचं नाही.

रविवारी दुपारी अप्पांनी बोनेट उघडलं. मी त्यांचा दाढीचा आरसा घेतला. धुराच्या जाड नळ्या इंजिनाला जिथं जोडतात, त्याच्या मागे डोळा जात नाही, पण आरसा जातो. अप्पांनी बॅटरी धरली. इंजिनाच्या ओतीव अंगाला गोल भोकं असतात, ती पत्र्याच्या टिकल्या ठोकून बुजवलेली असतात. अगदी मागच्या टिकलीच्या कडेपासून खाली पांढरी रेघ उतरली होती. बंबाच्या तोटीखाली होती तश्शीच. मी आरसा अप्पांच्या हातात दिला. त्यांनी वाकून बघितलं. मग ते तिथंच मडगार्डला टेकून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "काळीनं भस्म लावलंय गं," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर सकाळच्या पूजेच्या भस्माचे पट्टे तसेच होते.

सोमवारी उदगीरचं गिऱ्हाईक आलं. पांढरं धोतर, गळ्यात रुद्राक्ष, सभ्य माणूस. दोड्डप्पांनी चहा मागवला. मी आरसा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "दोड्डप्पा, पाणी कुठं जातंय ते सापडलंय. इंजिन चांगलं आहे. एक टिकली बदलायची."

दोड्डप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीनं इंजिनात तोंड घालू न्हाई."

"तोंड नाही घातलं. आरसा घातला," मी म्हटलं, आणि आरसा त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच बघा. तुम्ही रांगेत कुणाची घागर कुठं गळते ते बघता ना? तसंच बघा."

पाहुण्यापुढे पोरीनं असं बोलणं त्या घरात कधी झालेलं नव्हतं. पण मी आरसा खाली केला नाही. गिऱ्हाईकच उठलं, बोनेटपाशी गेलं, वाकून बघून आलं आणि म्हणालं, "मालक, पोरगी बराबर बोलून राहिली. एवढ्यासाठी मोटार कामून देता?" तेव्हा अप्पा बोलले. खालच्या आवाजात, जमिनीकडे बघतच, पण बोलले. "मोटार द्यायची न्हाई, दादा. मिस्त्रीकडं नेतो. नीट झाली न्हाई तर मग तुमी म्हनाल तसं." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना भावाला न्हाई म्हणताना ऐकलं. दोड्डप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते विहिरीकडे निघून गेले. टँकरची वेळ झाली होती.

गफूर मिस्त्रींनी धुराच्या नळ्या उतरवल्या आणि टिकलीवर नुसता स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. बिस्किटासारखी झाली होती ती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खारच हिला धरून होता. मी खार काढला आन् ही उघडी पडली." त्यांनी सगळ्याच टिकल्या नव्या ठोकल्या, त्या एकीवर थांबले नाहीत. खारं पाणी काढून इंजिन पुन्हा धुतलं, आणि मला दम दिला, "आता पुन्हा हापशाचं पानी घातलं तर माझ्याकडं यायचं न्हाई." मी म्हटलं, नाही घालणार. आम्ही दोघंही हट्टी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. लग्न होऊन नांदेडला आले तरी माझ्या पहिल्या गाडीचं काम करून घ्यायला मी लातूरलाच जायचे.

गॅरेजमधल्या त्या टायवाल्या गृहस्थांकडे परवा मी पुन्हा गेले. या वेळी सांगितलं की माझ्यासमोर इंजिनात हवेचा दाब भरा, मी इथंच खुर्ची टाकून बसते, मला घाई नाही. कूलंट सुकलं की गुलाबी डाग ठेवतं, आणि तसा डाग पंपाच्या सांध्यापाशी मला मोबाईलच्या उजेडात आधीच दिसला होता. तो मी त्यांना सांगितला नाही. त्यांच्याच माणसाला सापडू दिला. दाब चढला, काटा हळूहळू खाली उतरायला लागला, आणि सांध्यातून एक गुलाबी मणी वर आला. "मॅडम, हे आमच्याकडून राहिलं," ते म्हणाले. मी म्हटलं, "राहतं. बघायचं असतं." ते या वेळी हसले नाहीत, आणि सरांचा विषयही निघाला नाही.

त्या दुष्काळाबद्दल लोक मला विचारतात तेव्हा त्यांना भेगा पडलेली जमीन ऐकायची असते, मेलेली जनावरं ऐकायची असतात. ते सगळं होतंच. पण दुष्काळ आला की माणसं बायकापोरींना सांगायला लागतात, यंदा तुमचं राहू द्या, यंदा काळ वाईट आहे. काळ नेहमीच कुणाच्या तरी वाट्याला वाईट ठरवला जातो, आणि तो वाटा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आता येतं, आणि मी सांगते, कुणाला आवडो न आवडो.

काळी नीट होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा सवयीनं तांब्या घेऊन पत्र्याखाली आली. दोड्डप्पा समोरच ओसरीवर बसले होते, कडुलिंबाची काडी चावत. तेही बघायलाच बसले होते, हे उघड होतं. अप्पांनी रेडिएटरचं झाकण काढलं आणि बाजूला सरकले. मी आत बघितलं. पाणी काल भरलं होतं तिथंच होतं. तसं सांगितलं, पण अव्वाचा माझ्यावर विश्वास बसेना. तिनं पुढे होऊन स्वतः आत बोट घातलं, आणि ओलं बोट वर काढून बघत राहिली.

"न्हाई पेली," ती म्हणाली.

तिच्या हातात गोड्या पाण्यानं भरलेला तांब्या होता. कितीतरी दिवसांत तो तिला पहिल्यांदा कुणाला द्यायचा नव्हता. तिनं एकदा घराच्या दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता आत जाईल, भिंतीकडे तोंड करेल. ती गेली नाही. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, मोटारीपाशी, थोरल्या दिराच्या समोर, ती तांब्या वर धरून पाणी प्यायली. घटाघटा, शेवटचा थेंब जिभेवर पडेपर्यंत. दोड्डप्पांच्या तोंडातली काडी थांबली. त्यांनी मान फिरवली.

अव्वानं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या वह्या सीटवर ठेवल्या.

"बस," ती म्हणाली. "जिल्ह्याला उशीर होतोय."